रोमिओचा स्वभावदोष नेमका कोणता? नुसती 'घाई' म्हणून भागेल का?

जाईजुई
'रोमिओ अँड ज्युलिएट'वरच्या गाइडांत 'रोमिओ उतावळा, म्हणून शोकांत' एवढ्यावरच उरकलेलं असतं. पण घाई ज्युलिएटलाही आहे. लग्नाचा विषय आधी तीच काढते. मग दोष एकट्या त्याच्या माथी का? आणि पुराव्याला कोणते प्रसंग घ्यावेत? रोझलिनचा (रोमिओच्या आधीच्या प्रेमाचा) नको, तो सगळेच देतात.

मृद्गंध
घाई दोघांना आहे, पण ज्युलिएटला ती कळते. सज्जाच्या प्रवेशात (२.२, म्हणजे अंक दुसरा, प्रवेश दुसरा) ती स्वतःच म्हणते, हे फार अविचारी, फार अचानक होतंय, वीज चमकून विझावी तसं. त्याच प्रवेशात रोमिओला धास्ती वाटते ती हे सगळं स्वप्न तर नाही ना, एवढीच.

सगळ्यात पक्का पुरावा ५.१ मध्ये आहे. हद्दपार रोमिओकडे मांटुआ शहरात त्याचा नोकर बाल्थसार येतो. रोमिओ लगेच विचारतो, फ्रायरचं (दोघांचं लग्न लावणाऱ्या पाद्र्याचं) पत्र आणलंस का? मग ज्युलिएट गेल्याचं कळतं (खरं तर ती औषधाने निपचित झोपलेली असते आणि पत्रात तेच कळवलेलं असतं). तो घोडे ठरवायला सांगतो आणि पुन्हा विचारतो: पत्र नाही ना? नाही. 'असू दे', म्हणतो आणि नोकराला पिटाळतो. वेरोनाची खबर कळवत राहीन, असं फ्रायरने ३.३ मध्ये कबूल केलेलं असतं. म्हणजे पत्र यायला हवं हे रोमिओला ठाऊक आहे, तरी ते का आलं नाही हे तो विचारत नाही. दुःख झालं की त्याची चौकशी थांबते. पुढच्याच क्षणी त्याला कंगाल औषधविक्या आठवतो आणि ४० डकॅट नाण्यांत विष हातात येतं.

थडग्यातही तेच. तिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे हे तो पाहतो, बोलूनही दाखवतो, आणि विष पितो. ती काही क्षणांतच जागी होते.

तिसरा अंक
५.१ बद्दल सहमत, पण ३.१ विसरू नका. ज्युलिएटचा भाऊबंद टिबल्ट तोंडावर अपमान करतो तरी रोमिओ तलवार काढत नाही, कारण तासाभरापूर्वीच तो त्याचा सोयरा झालाय. सोडवायला मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून त्याचा मित्र मर्क्युशिओला वार बसतो. इथे घात केला तो सबुरीने! लगेच 'ज्युलिएटच्या रूपाने मला मऊ केलं' म्हणत तो टिबल्टला मारतो. एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला. माझ्या मते दोष हा आहे. ३.३ मध्ये तो जमिनीवर लोळण घेतो, स्वतःला भोसकू पाहतो. फ्रायरला अक्षरशः मोजून सांगावं लागतं: ज्युलिएट जिवंत आहे, टिबल्ट तुला मारणार होता तो तुझ्या हातून मेला, मृत्युदंडाऐवजी हद्दपारी मिळाली.

पानगळ
उत्तरात योगायोगालाही एक परिच्छेद द्या, जास्त नको. प्लेगच्या संशयावरून पत्र नेणारा दुसरा पाद्री, फ्रायर जॉन, घरात कोंडला गेला आणि पत्र परत आलं. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट याने तिचं ठरवलेलं दुसरं लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणलं. नाटकाचा आधार असलेल्या आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या काव्यात ही गोष्ट काही महिने चालते. शेक्सपिअरने ती रविवार ते गुरुवारात कोंबली. त्यामुळे घाई सगळ्या वेरोनालाच आहे. 'हळू जा, धावणारे ठेचकाळतात' म्हणणारा फ्रायर त्याच दिवशी लग्न लावतो.

आणि 'हमार्शिया'चं (शोकनायकाच्या घाताला कारण होणाऱ्या गोष्टीसाठीच्या ग्रीक शब्दाचं) भाषांतर थेट 'दुर्गुण' करू नका. अॅरिस्टॉटलच्या शब्दात चूक, नेम हुकणं हा अर्थ आहे. 'स्वभावामुळे हातून झालेली चूक' असं लिहिलंत तर ३.१ आणि ५.१ दोन्ही त्यात बसतात.

जाईजुई
म्हणजे ३.१, ३.३, ५.१ याच क्रमाने घेते आणि 'असू दे' हा शब्द मध्यभागी ठेवते.