शब्दचर्चा: गुरबाणीतला ‘उदास’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न

गुरु ग्रंथ साहिब या शिखांच्या धर्मग्रंथात (त्यातली वाणी म्हणजे गुरबाणी) मारू रागात शिखांचे चौथे गुरु रामदास यांची ओळ आहे: ‘विचे ग्रिह सदा रहै उदासी जिउ कमलु रहै विचि पाणी हे’. घरातच राहून सदा उदास, जसं पाण्यात कमळ. मराठीत सांगताना मी इथे अडतो. आपल्याकडे उदास म्हणजे खिन्न, आणि कमळ खिन्न कसं असेल? विरक्त म्हणावं, उदासीन, की अलिप्त? शिवाय गुरु नानकांच्या प्रवासांना ‘उदासी’ म्हणतात, तो हाच शब्द का?

प्रतिसाद

शब्द हाच. मुळात उद् + आस्, म्हणजे बाजूला बसणं, गुंत्यात न पडणं. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना ‘उदासीनो गतव्यथः’ येतं ते याच अर्थाने. तिथे तर शेजारीच ‘व्यथा गेलेला’ असं म्हटलंय, म्हणजे खिन्नतेला जागाच नाही.

हा जुना अर्थ मराठीतही होता. तुकोबांचं ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ आठवा. चेहरा पाडून पैसे खर्च करा असं ते सांगत नाहीत. चांगल्या मार्गाने मिळवा आणि खर्चताना त्यात जीव अडकू देऊ नका. त्याच अभंगात पुढे गाईपशूंचं पालन आहे, तान्हेल्याला पाणी पाजणं आहे. म्हणजे माणूस संसारात पुरता उभा आहे.

शिखांचे नववे गुरु तेगबहादुर यांच्या सलोकात (दोह्यासारखी दोन ओळींची रचना) ‘जिहि माइआ ममता तजी सभ ते भइओ उदासु’ असं आहे आणि लगेच ‘तिह घटि ब्रहम निवासु’. ज्याच्या घटात ब्रह्म वसलंय त्याच्याबद्दल हे बोलणं चाललंय. आजच्या बोली पंजाबीत मात्र उदास म्हणजे आपल्यासारखंच, मन लागत नसलेला.

प्रतिसाद

प्रवासांबद्दल थोडं. घर सोडून, साधूचा वेश घेऊन फिरणं म्हणजे उदासी. शीख कवी भाई गुरदास यांच्या पहिल्या वारेत (वार म्हणजे दीर्घ कवन) नानकांनी ‘उदासी की रीति’ चालवली असं येतं. पण त्याच वारेत पुढे ही ओळ आहे: ‘फिरि बाबा आइआ करतारपुरि भेखु उदासी सगल उतारा’. करतारपूरला आल्यावर उदासीचा सगळा वेश उतरवला आणि संसारी कपडे घातले. (‘सगल’ म्हणजे आपलं ‘सगळा’च.) रावीकाठच्या त्या गावात ते शेती करत राहिले आणि 1539 साली तिथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांचे पुत्र श्रीचंद यांच्यापासून जो उदासी पंथ चालला, तो संन्याशांचा. गुरुपरंपरा मात्र गृहस्थांची राहिली. म्हणून हा शब्द वाचताना आधी बघावं की इथे वेश सांगितलाय की मनाची अवस्था. रामदासांच्या ओळीत ‘विचे ग्रिह’, घरातच, असं स्पष्ट असल्यामुळे वेशाचा प्रश्नच येत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

हे पटलं. पण ही अवस्था यायची कशी? डोळे मिटून ध्यानाला बसून?

प्रतिसाद

बसणं आहेच. गुरु नानकांच्या जपुजी या रचनेत ‘अंम्रित वेला सचु नाउ’ (पहाटेच्या वेळी सत्य नाम) म्हटलंय, आणि पहाटेचा जप, नितनेम म्हणजे रोजचा ठरलेला पाठ, हा शिखांच्या दिवसाचा पायाच आहे. पण सिमरन, म्हणजे नामस्मरण, आसनावरून उठल्यावर संपत नाही. यावर सगळ्यात सुंदर बोललेत ते आपले नामदेव. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, त्यातलं रामकलीतलं हे बघा:

‘आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले ॥ पंच जना सिउ बात बतऊआ चीतु सु डोरी राखीअले’

कागद आणला, पतंग कापला, आकाशात सोडला. पोरगा चारचौघांशी गप्पा मारतोय, पण चित्त दोरीवर. पुढे पाण्याची घागर घेऊन हसत-बोलत चाललेल्या मुली येतात, चित्त घागरीवर. शेवटी घरात-बाहेर कामात गुंतलेली आई, चित्त पाळण्यातल्या बाळावर. ‘आनीले’, ‘राखीअले’ ही रूपं मराठी कानाला लगेच ओळखू येतात. पंजाबात रोज वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात ती भेटली की मला फार भरून येतं.

आता ‘उदासी’ याच्याशी जोडून बघा. शीख साधनेत मन नामाला बांधायचं. त्या जोडलेपणाला ‘लिव’ म्हणतात. लिव नामाशी लागली की बाकीच्यापासूनची सुटका आपोआप होते. नुसतं तोडणं इथे अपेक्षित नाही. कबीरांच्या सलोकात संत त्रिलोचन नामदेवांना विचारतात, कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवांचं उत्तर: ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि’. हातापायांनी सगळं काम कर, चित्त निरंजनापाशी.

म्हणून ‘विरक्त’ मला इथे चालत नाही, त्याने भगवी वस्त्रं डोळ्यांपुढे येतात. ‘उदासीन’ तर वर्तमानपत्रांनी बिघडवलाय, प्रशासन उदासीन म्हणजे बेफिकीर. कमळाच्या ओळीत ‘अलिप्त’ घ्या. गुरु तेगबहादुर परमेश्वराला ‘सदा अलेपा’ म्हणतातच, त्यामुळे शब्द गुरबाणीच्या घरचा आहे. फक्त टीप द्या की ही अलिप्तता नामात रमल्याने आलेली आहे. प्रवासांसाठी मात्र ‘उदासी’ तसाच ठेवा, तिथे ते नावच झालंय.