जर्मनीत पाऊस आणि बर्फ दोन्हीसाठी टायर कुठले घ्यावेत?

ढगाळ_हवा:
नमस्कार मंडळी, आम्ही पुण्याहून स्टुटगार्टला आलोय आणि सेकंडहँड ऑक्टाव्हिया घेतलीय. टायरवर एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फासाठी) लिहिलंय, पण ऑफिसातला एकजण म्हणतो आता ते चालत नाहीत. रोजचं जाणं ऑटोबानवरून (इथला एक्सप्रेसवे), पाऊस तर कधीही येतो, आणि हिवाळ्यात मुलांना घेऊन आल्गॉय (दक्षिण जर्मनीतला डोंगराळ भाग), जमलं तर ऑस्ट्रियात जायचंय. ऑल-सीझन घेऊन मोकळं व्हावं की समर-विंटर दोन सेट ठेवावेत? खर्च बेताचाच करायचाय पण ब्रेकिंगमध्ये तडजोड नको.

सह्याद्रीकर:
तो बरोबर सांगतोय. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस धरत नाहीत, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह टायरच्या बाजूवर हवंच. बर्फ किंवा निसरडं असताना त्याशिवाय पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट. एम+एस कंपनी स्वतःच लिहू शकते हो, हिमकणाचं चिन्ह मात्र बर्फावरची टेस्ट पास झाल्यावरच मिळतं.
डोंगरात जाणार असाल तर माझं मत सरळ दोन सेट. समर टायरचं रबर थंडीत कडक होतं, विंटरचं मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक बारीक चिरा बर्फाला धरतात, पण त्याच मऊ रबरामुळे उन्हाळ्यात ब्रेक मारला की गाडी जास्त लांब जाऊन थांबते. दोन सेट म्हणजे डबल खर्च असंही नाही, कारण दोन्ही आलटून पालटून झिजतात.

भटकी_८६:
मी ऑल-सीझनच्या बाजूने, पण फक्त शहरात आणि सपाटीला राहणाऱ्यांसाठी. चांगले ऑल-सीझन पावसात छान चालतात. तुमचं आल्गॉयचं ऐकून मात्र मीही विंटरच म्हणेन, चढ चढता येईल एकवेळ, पण उतारावर गाडी थांबली पाहिजे ना.
घेताना युरोपियन लेबल बघा, ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते, ए सगळ्यात चांगली. बर्फापेक्षा पावसातच जास्त चालवणार आहात म्हणून विंटर टायर निवडतानाही ही श्रेणी आधी बघा, आवाज आणि पेट्रोल नंतर.

ढगाळ_हवा:
खूप आभार दोघांचे! दोन सेटच घेतो मग. रुंद टायरने पकड वाढते म्हणतात, विंटरला रुंद घेऊ का?

सह्याद्रीकर:
नका घेऊ. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि ऑटोबानवर साचलेल्या पाण्यात तेच सगळ्यात धोक्याचं, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि गाडी ऐकत नाही. गाडीला चालणाऱ्या साइजपैकी सगळ्यात अरुंद बघा, आणि चारही एकसारखे घ्या.
टायरवरच्या खाचांची खोली सतत तपासा. जर्मनीत कायद्याने १.६ मिमी पुरतात पण विंटरला ४ च्या खाली गेलं की बदलाच, ऑस्ट्रियात तर ४ मिमीपेक्षा कमी असेल तर तो विंटर टायर धरतच नाहीत. दोन युरोचं नाणं खाचेत घाला, बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडली पाहिजे.

भटकी_८६:
आणि टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचून घ्या, तो बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. स्वस्त म्हणून जुना माल गळ्यात मारतात. टायर बदलायची अपॉइंटमेंट सप्टेंबरातच घ्या, पहिला बर्फ पडला की वर्कशॉपवाले फोन उचलत नाहीत.