गड्ड्याच्या पाहुण्यांसाठी बालाघाटातली एक दुपार: वाटाड्या आणि गावरान खाणं कुठं मिळेल? (९ जण, ५,००० रुपये)

शेळगीकर
नमस्कार. सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, पुण्याहून पाहुणे येताहेत. दारूकाम (आतषबाजी) बघून झालं की शनिवारी १७ जानेवारीची दुपार मोकळी आहे. तुळजापूर घाटाच्या अंगाची डोंगरकडेची एक-दोन गावं माहीतगार माणसानं हिंडून दाखवावीत आणि तिथलं खाणं थोडं थोडं चाखायला मिळावं, एवढंच पाहिजे. रिसॉर्ट नको, डीजे नको.
मोठी ७ माणसं, मुलं २ (वय ५ आणि ९). मोठ्यांत सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात, कवळी आहे. सगळे शाकाहारी. गाड्या घरच्या दोन. पेट्रोल आणि टोल सोडून सगळ्यांचं मिळून ५,००० रुपये. बाराच्या पुढं निघून अंधाराआधी परत. कुणाकडून करावं?

जुळे_सोलापूर
ताई, सरळ हुरडा पार्टी बुक करा. आम्ही डिसेंबरात केली. माणशी ९०० रुपये, त्यात हुरडा, जेवण, बैलगाडी, पतंग, ऊस, बोरं सगळं आलं. ९ जणांचे ८,१०० होतात, पण मुलांचं थोडं कमी करून देतात. डोकं चालवायची गरज नाही, गेलं की ताट समोर.

नळदुर्गकर
नळदुर्गला या. सोलापूरहून हैदराबाद रोडनं पन्नासेक किलोमीटर, रस्ता एकदम सरळ. किल्ला, बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणी महाल (१६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला) बघा आणि अणदूरला खंडोबाचं दर्शन घ्या. पाहुण्यांना असं बांधकाम दुसरीकडं कुठं बघायला मिळणार?

काळा_मसाला
@नळदुर्गकर जानेवारीत नर-मादी धबधबे कोरडे असतात, ते बंधारा सांडला तरच वाहतात. पुण्याचे लोक फोटो बघून पाणी शोधत बसतील. पाणी महालाच्या पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत, दुखऱ्या गुडघ्यांना तो उतार नको. शिवाय खंडोबाची मूर्ती वर्षातला बराच काळ अणदूरला आणि पौषी यात्रेच्या दिवसांत नळदुर्गला असते. दर्शन ठरवायचं तर मूर्ती सध्या कुठं आहे ते आधी विचारा, नाहीतर एका देवळातून दुसऱ्या देवळात पळावं लागतं.

नळदुर्गकर
वरूनही बंधारा छान दिसतो. आत उतरायलाच पाहिजे असं नाही.

शेळगीकर
किल्ला पुढच्या वेळी. माणशी ९०० परवडत नाही हो, एकूण ५,००० आहेत.

मालदांडी
हुरड्याचं ठरवत असाल तर फोनवर पहिला प्रश्न एकच विचारा: पेरा कधीचा आहे? पेरणीपासून साधारण ९० ते १०० दिवसांनी कणीस हुरड्यात येतं. म्हणजे १७ जानेवारीला पाहिजे तर पेरा १० ऑक्टोबरच्या आगेमागे झालेला पाहिजे. सप्टेंबरच्या पेऱ्याचं कणीस तोवर निबर झालेलं असतं. दाणा नखानं दाबून बघायचा. पांढरं दूध उडालं तर कोवळा, नखच रुतलं नाही तर निबर. मऊ पिठासारखा दबला तर हुरडा. शेतकरी टप्प्याटप्प्यानं पेरतात ते याच्यासाठीच.

दुसरा प्रश्न वाणाचा. मालदांडी भाकरीची राणी आहे, पण हुरड्याला तिचा दाणा बोंडातून लवकर सुटत नाही. गुळभेंडी, सुरती, कुचकुची किंवा राहुरी विद्यापीठाचा फुले मधुर असला तर चोळताना दाणा हातात येतो आणि चवीला गोड लागतो.

तिसरं, कणसं तुमच्यासमोर कापली पाहिजेत. सकाळी कापून पोत्यात ठेवलेली कणसं दुपारपर्यंत सुकतात, मग दाणा चामट लागतो. आगटी (कणसं भाजायचा खड्डा) वीतभर खोल, गोवऱ्यांची. जाळ पूर्ण बसून निखारा झाल्यावर कणसं राखेत खुपसायची आणि फिरवत तीन-चार मिनिटांत काढायची. जाळात धरली तर वरून करपतात, आत कच्ची राहतात. चोळून लगेच सुपात पाखडायचं, नाहीतर कूस (कणसाचा बारीक टोचरा कोंडा) मुलांच्या घशात टोचते. माणशी पाच-सहा कणसं पुरतात. वरून गार पाणी नको, ताक प्या. पाण्यानं पोट फुगतं म्हणतात.

मंगळवेढा_वेस
ज्वारीचं बोलायचं तर मंगळवेढ्याला जायला पाहिजे. २०१६ साली मंगळवेढा ज्वारीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय. काळी जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत जोंधळा. डोंगरात काय बघणार?

मालदांडी
मंगळवेढ्याच्या ज्वारीबद्दल दुमत नाही. पण मालदांडी ३५-१ हा निवड वाण मोहोळचा आहे. सगळं श्रेय एका तालुक्याला देऊ नका.

मंगळवेढा_वेस
वाण कुठं निवडला आणि दाणा कुठं पोसतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाकरी कुठली गोड ते खाणाऱ्याला विचारा.

शेळगीकर
डोंगरकडेची गावं म्हणाले होते मी. मंगळवेढा सपाट आहे.

घाट_पायथा
ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

सोलापूर-तुळजापूर ४५ किलोमीटर. तामलवाडीचा टोल ओलांडला की बालाघाटाची कड समोर दिसायला लागते. घाट चढायच्या आधी, सिंदफळच्या बाजूला, पायथ्याची गावं आहेत, ती तुम्हाला सोयीची. वर तुळजापुरात शिरू नका. शनिवार असला तरी दर्शनाची गर्दी, पार्किंग आणि मंदिराच्या पायऱ्या यात दोन तास जातात. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा तर बोलायलाच नको.

आता खाण्याचं. डोंगरउताराला मुरमाड, उथळ जमीन असते. तिथं तूर आणि हुलगा (कुळीथ) येतो. हुरड्याचा जोंधळा खालच्या काळ्या रानात. त्यामुळं डोंगरकडेच्या घरातलं खरं खाणं म्हणजे हुलग्याचे शेंगोळे (पिठाचे वळून उकडलेले तुकडे), हुलग्याचं माडगं (पातळ पेज), येसर (भाजून दळलेलं धान्य-मसाल्याचं पीठ) घालून केलेली आमटी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, या दिवसांत हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. हे तुम्हाला बचत गटाच्या बायका चुलीवर करून देतात. गावातल्या अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत फोन केला की गटाचा नंबर मिळतो. आठ दिवस आधी सांगा, कारण हुलगा दळून आणावा लागतो आणि येसर संपलेला असला तर नव्यानं भाजावा लागतो.

पैशाचा हिशेब असा बसतो. जेवण मोठ्यांना २५० प्रमाणे ७ जणांचे १,७५०, मुलं निम्म्यात २५०. झाले २,०००. वाटाड्या (गावातला बारावी झालेला मुलगा किंवा निवृत्त शिक्षक, दोन्ही चालतात) ८००. चटणी कांडून दाखवायचे ३००. हुरडा घ्यायचाच तर कणसं भाजून-चोळून ९०० पर्यंत. एकूण ४,०००. उरलेल्या १,००० ची चटणी आणि कडक भाकरी घरी न्या. रोख रक्कम जवळ ठेवा, पायथ्याला मोबाइलची रेंज जाते आणि पैसे पाठवायला माणसाला टेकाडावर चढावं लागतं. आगाऊ ५०० द्या, तेवढ्यात त्यांचा शिधा येतो.

आकडा पक्का कळवा. ९ जणांना साधारण २ किलो जोंधळ्याचं पीठ लागतं, किलोला १० भाकऱ्या. ऐनवेळी १४ माणसं गेली तर पीठ मिळेल, पण चुलीपुढं एकटी बाई असते, तिचे हाल होतात.

जुळे_सोलापूर
एवढी फोनाफोनी करण्यापेक्षा माणशी ९०० बरे. तिथं संडास-बाथरूम स्वच्छ असतं, हे कुणी सांगत नाही.

घाट_पायथा
ही सूचना योग्य आहे. गटाला विचारून घ्या, बहुतेक शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं वापरू देतात, पण शनिवारी शाळा सकाळची असते, किल्ली कुणाकडं आहे ते आधीच विचारून ठेवा.

उखळ_मुसळ
चटणी कांडून दाखवतो म्हणून मिक्सरमधली पुढं ठेवतात, सावध राहा. शेंगा चटणी उखळातच करायची. मुसळाच्या दाबानं शेंगदाण्याला तेल सुटतं आणि चटणी एकजीव, तेलकट होते. मिक्सरमध्ये पातं गरम होऊन एकतर भुसभुशीत कूट होतो नाहीतर लगदा. प्रमाण: भाजलेले शेंगदाणे १ किलो, लसूण १०० ग्रॅम, लाल तिखट ८० ते १०० ग्रॅम, मीठ ४० ग्रॅम, जिरं दोन चमचे. मंद आचेवर भाजा, दाणा आतपर्यंत बदामी झाला पाहिजे. आधी तिखट-मीठ-लसूण कांडा, मग शेंगदाणे मूठमूठ टाका. एकदम टाकले तर मुसळ घसरतं.

कडक_भाकरी
१०० ग्रॅम लसूण जास्त होतो. ५० पुरे. आणि शेंगदाण्याचं टरफल काढायचं की ठेवायचं ते लिहिलंच नाही.

उखळ_मुसळ
टरफल काढायचं, राहिलं तर चटणी तुरट लागते. लसूण ५० घातला तर ती सोलापूरची चटणी नाही.

कडक_भाकरी
तुमच्या घरची नाही, असं म्हणा.

अक्कलकोट_रोड
यांना येळवसेला (वेळ अमावास्येला) बोलवायला पाहिजे होतं. शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. चाखायचं तर ते.

घाट_पायथा
वेळ अमावास्या मार्गशीर्षातली. १७ जानेवारीच्या आधीच होऊन जाते.

अक्कलकोट_रोड
वेळ नव्हे, येळ. कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्ये म्हणतात, एळ्ळ म्हणजे तीळ.

लाल_परी
दोन गाड्या कशाला? एसटीनं जा. महिलांना अर्धं तिकीट आहे, सासूबाई ७२ च्या, त्यांनाही अर्धं. सोलापूर-तुळजापूर गाड्या दिवसभर आहेत.

शेळगीकर
पायथ्याच्या गावात उतरून पुढं सासूबाईंना चालवणं जमणार नाही, म्हणून गाडी. @घाट_पायथा हुरडा आणि जेवण दोन्ही एका दुपारीत झेपतं का?

घाट_पायथा
झेपतं, पण क्रम चुकला की दोन्ही वाया जातं. साडेबाराला निघून दीडला गावात. दोनच्या आत जेवण, माणशी एकच भाकरी आणि सगळं वाटीवाटीनं. तीन ते साडेचार गाव आणि रान हिंडणं. हुरडा पाचला. सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे सहाला निघायला पाहिजे. जेवण तीनवर गेलं तर हुरडा कुणी खात नाही आणि पैसे मात्र द्यावे लागतात.
कवळी असली तर हुरडा आणि कडक भाकरी दोन्ही अवघड. कडक भाकरी आमटीत कुस्करून भिजवता येते. शेंगोळे सगळ्यांत मऊ, पण पाणी खळखळ उकळल्यावरच सोडले पाहिजेत, नाहीतर विरघळून त्याची पेज होते. बसायला बाज किंवा खुर्ची आधीच सांगा. रानात गाडी घालू नका. जानेवारीत गहू-हरभऱ्याला पाणी चालू असतं, पाटाचं पाणी वाटेवर आलं की काळ्या मातीत चाक रुततं. मुलांना करडईच्या रानापासून लांब ठेवा, त्या दिवसांत फुलांशी काटे असतात.

मालदांडी
हुरडा सोडू नका. जानेवारीत सोलापुरात येऊन हुरडा न खाता परत जाणं बरं नाही. कवळीवाल्यांना चोळलेला हुरडा पाट्यावर जाडसर वाटून, मीठ-मिरची घालून थालीपीठ करून देता येतं.

रामलिंग_वाट
येडशीच्या रामलिंगला न्या, डोंगर-झाडी तिथंच खरी.

काळा_मसाला
धाराशिवच्या पुढं येडशी. जाता-येता चार तास गाडीतच जातील. आणि तिथली माकडं हातातला डबा ओढतात, मुलं असताना तर नकोच.

शेळगीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते सांगते. हुरडा रद्द केला. मालदांडीदादा, राग मानू नका. सासूबाईंना चावणार नाही, धाकट्याला कुसाचा त्रास होतो आणि पाच वाजेपर्यंत थांबायचं तर गाडी अंधारात आणावी लागेल. पायथ्याच्या एकाच गावात जातोय. शेंगोळे, माडगं, येसर आमटी, हरभऱ्याची भाजी आणि चटणीचं कांडप. बचत गटाच्या ताईंशी बोलणं झालं, ५०० पाठवले. वाटाड्या म्हणून त्यांच्याच गावातले निवृत्त गुरुजी येणार आहेत, दुसरं गाव वेळ उरला तर. बाज आणि शाळेच्या किल्लीचं दोन्ही विचारून घेतलं. लसूण १०० ग्रॅमचाच सांगितला.

उखळ_मुसळ
उत्तम.

मालदांडी
ताई, निदान दहा कणसं गाडीत टाकून आणा, रात्री घरी गॅसवर तवा ठेवून भाजा. दांडा हातभर ठेवून कापायला सांगा आणि ओल्या फडक्यात गुंडाळा, म्हणजे सुकणार नाहीत.

जुळे_सोलापूर
आमच्या ठिकाणाचा नंबर पाहिजे असला तर मेसेज करा, अजूनही जागा आहे.

बाळे_फाटा
धागा आत्ता बघितला. गुळभेंडीचं बियाणं पाव किलो कुणाकडं मिळेल का? दोन गुंठे पुढच्या रब्बीला पेरायचंय.