पाच आठवड्यांची आई: कौतुक करण्याआधी थांबा

पांझराकाठ (धुळे)

परवा एक पोस्ट फिरत माझ्यापर्यंत आली. मूळ नवापूर तालुक्यातलं, आता टेक्सासला राहणारं एक ख्रिस्ती कुटुंब. त्यांनी या उन्हाळ्यात एका संस्थेमार्फत कोलंबियाच्या बालगृहातली बारा वर्षांची मुलगी पाच आठवड्यांसाठी घरी आणली आहे. 'प्रभूने या सुट्टीत आम्हाला लेक दिली' असं लिहून तिचे फोटो टाकलेत. पोहायचा तलाव, नवी सायकल, रविवारी चर्चमध्ये सगळे एका रंगाच्या कपड्यांत. खाली आपल्या लोकांची 'धन्य ते आईबाप'ची रांग. मला हे सहन झालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मुलींच्या बालगृहात काळजीवाहक म्हणून आयुष्य काढलं. बालकल्याण समितीची परवानगी घेऊन काही भली कुटुंबं सुट्टीत मुलींना घरी न्यायची. न्यायला यायची तेव्हा कोण कौतुक! परत सोडून गेल्यावरचे दिवस त्यांनी कधी पाहिले नाहीत, ते आम्ही पाहिले. एक मुलगी तिकडून आणलेला फ्रॉक धुवायला देईना, कारण त्याला त्या घरच्या साबणाचा वास होता. दुसरी ताटावर बसली की 'काकूंकडे असं नसायचं' म्हणायची, आणि बाकीच्या पोरी तिला छळायच्या. तिसरीने मला विचारलं, 'मी तिथे भांडी घासली नाहीत, म्हणून त्यांनी मला ठेवलं नाही का?' याचं उत्तर काय देणार?

त्या पोस्टमध्येच लिहिलंय की मुलीसमोर दत्तकाचा विषय काढायचा नाही असा संस्थेचा नियम आहे, तिला फक्त 'सुट्टी' म्हणून सांगितलंय. बारा वर्षांच्या पोरीला काय कळत नाही? ती पाच आठवडे परीक्षा दिल्यासारखी वागत असणार. विमानाचं तिकीट, व्हिसा, संस्थेचं शुल्क मिळून काही हजार डॉलर होतात. तेवढ्या पैशात तिच्याच गावात तिच्या एखाद्या मावशीला हातभार लावता आला असता. बालगृहांतल्या बहुतेक मुलांचं आई किंवा बाप, कुणीतरी जिवंत असतं. हे तिकडेही खरं आणि इकडेही.

जे ठेवायचं नाही ते दाखवू नका. हा दिखाऊपणा आहे.

रंगावली (नवापूर)

ताई, ते कुटुंब माझ्या नात्यातलं आहे. तुमच्या नोकरीचा मान ठेवून सांगते, 'दिखाऊपणा' हा शब्द मागे घ्या.

त्यांची चौकशी झाली. पोलीस पडताळणी झाली, घर तपासलं, पगार तपासला, त्यांच्या स्वतःच्या मुलांशीही बोलले. वहिनी रात्रपाळीची नर्स आहे. मुलगी येणार म्हणून तिने दिवसपाळी मागून घेतली, पगार कमी झाला. स्पॅनिश शिकायला शेजारच्या मेक्सिकन आजींकडे जाऊन बसायची. हे फोटोत दिसत नाही.

आणि दत्तकाचा विषय काढायचा नाही हा नियम मुलीच्या भल्याचाच आहे. खोटी आशा लागू नये म्हणून. मोठ्यांमध्ये मात्र बोलायचं असतं. चर्चमध्ये, शाळेत, शेजारी लोकांना ती भेटते. चार घरं तिला ओळखू लागतात. यजमानांनी स्वतः दत्तक घेतलं नाही तरी त्यातल्या एखाद्या घराने घ्यावं, हाच हेतू असतो. बारा वर्षांच्या मुलीला कागदावरच्या यादीतून कुणी निवडतं का? तिला भेटल्याशिवाय कुणाचं मन होत नाही.

सातपुड्याचा वारा

मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. मिशनऱ्यांची ही जुनी रीत. आधी मदत, मग बायबल. ती कोलंबियाची पोरगी आता रविवारी चर्चला जातेय ना? झालं.

रंगावली (नवापूर)

कोलंबियातले बहुसंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक आहेत. तिला चर्चला नेऊन आम्ही काय बदललं? माहीत नसेल तर बोलू नका. आमच्या भागात प्रत्येक वेळी कुणी चांगलं काही केलं की हीच गाणी ऐकावी लागतात. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात सर्पदंशाचा रुग्ण आणतात तेव्हा कुणी धर्म विचारत नाही. माझे आजोबा मावची, आजी गावीत, दोघं इथलेच आदिवासी, आणि दोघांनी कुणाच्या दबावाने धर्म बदलला नाही. आम्हाला आमच्याच तालुक्यात उपरं ठरवू नका.

सातपुड्याचा वारा

सर्पदंशाचं मान्य. आमच्या काकांनाही तिथेच नेलं होतं. बाकीचं मान्य नाही.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, धर्माचा वाद या धाग्यावर नको. हे कुटुंब हिंदू असतं, जैन असतं, तरी मी हेच लिहिलं असतं.

केळीबाग (रावेर)

धुळ्याच्या ताई, मी तुमच्या त्या पोरींपैकीच एक आहे समजा. वडील गेले, आई दुसऱ्या घरी गेली, मी वसतिगृहात वाढलो. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की सगळी पोरं घरी जायची. गावागावांत पोरी माहेराला येतात, झोके बांधतात, आणि आम्ही दोघं-तिघं रिकाम्या खोल्यांत स्वयंपाक्याबरोबर. अमळनेरचे एक गुरुजी मला सुट्टीत त्यांच्या घरी न्यायचे. गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळत घातल्या की कावळे हाकायचं काम माझं.

परत येताना रडायचो का? रडायचो. दोन दिवस कुणाशी बोलत नव्हतो. पण एक गोष्ट मला त्या घरात कळली, ती कुठल्याच वसतिगृहात कळली नसती. गुरुजी आणि बाईंचं दुपारी कडाक्याचं भांडण झालं. मी कोपऱ्यात बसून ठरवलं की आता यांच्यातलं एक जण घर सोडून जाणार. मी पाहिलं होतं तसंच. संध्याकाळी दोघं शेजारी बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होते. भांडण होतं आणि तरी माणसं तिथेच राहतात, हे मला नवीन होतं. माझ्या लग्नानंतर पहिलं भांडण झालं तेव्हा मी पळालो नाही, ते त्या संध्याकाळमुळे.

ते रडणं मला परवडलं. ते मिळालंच नसतं तर काय, याचा हिशेब तुमच्या लिखाणात नाही.

पांझराकाठ (धुळे)

दादा, तुमचं वाचून डोळे भरले. पण तुमचे गुरुजी दरवर्षी न्यायचे ना? मग तुम्ही माझीच बाजू मांडताय. अमळनेर बसने जाण्याइतकं जवळ. कोलंबिया नि टेक्सास तसं नाही.

केळीबाग (रावेर)

दरवर्षी न्यायचे. पण पहिल्या वर्षी त्यांना तरी कुठे ठाऊक होतं की दुसऱ्या वर्षी नेतील? पहिल्या सुट्टीला तुमचा नियम लावला असता तर दुसरी आलीच नसती.

डॉक्टरीण (शहादा)

दोन्हीकडून आपबितीच चाललीय, म्हणून थोडी माहिती. चेर्नोबिलच्या अणुभट्टीची दुर्घटना १९८६ ची. त्यानंतर बेलारूस आणि युक्रेनची मुलं आयर्लंड, इटली अशा देशांत कुटुंबांकडे उन्हाळ्याला जाऊ लागली. स्पेनमध्ये सहारावी (पश्चिम सहारातल्या) निर्वासितांच्या छावण्यांतली मुलं दर उन्हाळ्यात येतात. यातली बरीच मुलं परत स्वतःच्या आईबापांकडे जातात. तिथे सुट्टी ही खरोखर सुट्टी असते. बालगृहातल्या मुलाचं तसं नाही, तिथे ताईंचा मुद्दा बरोबर आहे. २००६ साली इटलीत एका जोडप्याने बेलारूसच्या बालगृहातली दहा वर्षांची मुलगी परत पाठवायला नकार दिला आणि तिला लपवून ठेवलं. तिकडे तिचा छळ होतो असं त्यांचं म्हणणं होतं. दोन देशांत वाद पेटला आणि शेवटी तिला परत पाठवलं. प्रेम होतंच हो त्यांचं. पण त्या पोरीचं काय झालं असेल?

आता दुसरी बाजू. रोमानियात बुखारेस्टला बालगृहांतल्या १३६ लहान मुलांवर मोठा अभ्यास झाला. निम्मी मुलं कुटुंबांत ठेवली, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. कुटुंबातली मुलं बुद्धीने, बोलण्याने, माणसं जोडण्याने पुढे गेली, आणि जितकं लवकर घर मिळालं तितका फायदा जास्त. म्हणजे घर हवंच. फक्त तो अभ्यास राहायला मिळालेल्या घराचा आहे, पाहुणचाराचा नाही.

रंगावली (नवापूर)

मग पाहुणचारातून घर मिळत असेल तर?

चोपडेकर

सगळे अमेरिका, इटली फिरून आलात. इथल्याचं कोण बोलणार? आम्ही नवरा-बायको 'कारा'वर, म्हणजे दत्तकाच्या केंद्रीय सरकारी यंत्रणेकडे, नोंदणी करून बसलोय. गृहभेट झाली, कागद झाले, आणि वाटच पाहतोय. एकीकडे बालगृहं भरलेली, दुसरीकडे आमच्यासारखी घरं रिकामी. ही व्यवस्था आहे का? त्या टेक्सासवाल्यांना परदेशातून पोरगी महिनाभर आणता येते, मला जळगाव जिल्ह्यातून एक बाळ मिळत नाही.

पांझराकाठ (धुळे)

दादा, विचारते म्हणून रागावू नका. वयाच्या रकान्यात काय भरलंय?

चोपडेकर

शून्य ते दोन. सगळेच भरतात.

पांझराकाठ (धुळे)

हेच तर! सगळेच तेच भरतात, म्हणून रांग तीन वर्षांहून लांब. आणि माझ्या बालगृहातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलींची फाईल कुणी उघडतही नव्हतं. नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ११० पर्यंत असली तरी आठ वर्षांवरचं मूल मिळू शकतं, दोन वर्षांच्या आतल्यासाठी ती ८५ पर्यंतच चालते. नियम मोठ्या मुलांसाठी दार उघडं ठेवतो, माणसंच आत येत नाहीत.

चोपडेकर

माफ करा, पण हे ऐकून घेणार नाही. मूल होत नाही म्हणून सासर-माहेर दोन्हीकडे जे सोसलंय ते आम्हाला माहीत. माझ्या बायकोला बाळ मांडीवर घ्यायचंय. ते पाप आहे का? तुमची बालगृहं तुम्ही भरली, आणि दोष आमच्यावर?

केळीबाग (रावेर)

पाप नाही भाऊ. पण मीही कधीतरी दोन वर्षांचा होतो. तेव्हाही कुणी नेलं नाही, नंतर तर नाहीच नाही.

ऊसपट्टा (तळोदा)

सगळी चर्चा पूर्ण अनाथांची. आमच्याकडे आईबाप असलेली पोरंही अर्धं वर्ष आईबापांविना असतात. ऊसतोडीला टोळ्या गुजरातेत गेल्या की पोरं आश्रमशाळेत, नाहीतर म्हाताऱ्या आजीकडे. त्यातल्या कुणाचा बाप गेला असेल तर बालसंगोपन योजनेचे दरमहा २२५० रुपये मिळू शकतात, हे आजीला सांगतं कोण? बाप गेलेल्या नातवासाठी मी एका आजीचा अर्ज घेऊन फिरलो. एका कार्यालयात बापाच्या मृत्यूचा दाखला मागितला. दाखला ज्या गावात मृत्यू झाला तिथला, म्हणजे गुजरातचा. तिथे म्हणाले, नोंदच नाही. आजी म्हणाली, 'पोऱ्याले मानूस लागस, कागद काय करसू?' पाहुणचार सोडा, हे आधी करा.

मेहरूण (जळगाव)

आणि वाढदिवसाचे केक? नगरसेवकापासून दुकानदारापर्यंत जो तो बालगृहात केक घेऊन जातो आणि पोरांना रांगेत उभं करून फोटो काढतो. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणावर लावलंय का? मी एका कार्यक्रमात हे बोललो तर मला बाहेर काढलं. टेक्सासवाल्यांनीही मुलीचे फोटो टाकायला नको होते. तिथला कायदा काही असो.

रंगावली (नवापूर)

फोटोंचं बरोबर आहे. वहिनीला सांगितलं, तिने काढून टाकले. संस्थेचाही तसा नियम होता म्हणे, तिच्या लक्षात राहिला नाही. एवढं तुमचं मानते. पाहुणचार चुकीचा आहे हे मात्र मुळीच मानत नाही.

डॉक्टरीण (शहादा)

चोपड्याच्या दादांसाठी एक. बालन्याय कायद्यात प्रतिपालन आहे, मूल ठरावीक काळ कुटुंबात ठेवायचं. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांच्या प्रतिपालनानंतर त्याच मुलाच्या दत्तकाचा विचार होऊ शकतो, आधी पाच वर्षं लागत. एकटी व्यक्तीही ३५ वर्षांनंतर अर्ज करू शकते. म्हणजे भेट, सहवास, मग निर्णय, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. बाळच हवं असेल तर रांगेत थांबा, त्यात काही वाईट नाही. पण हाही रस्ता आहे.

चोपडेकर

बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, मुलगी किती वर्षांची असेल तर चालेल ते आधी ठरवू. मी काही कबूल करत नाहीये. कुठे चौकशी करायची ते तेवढं सांगा.

पांझराकाठ (धुळे)

जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जळगाव. तिथून अर्ज, मग बालकल्याण समिती. एकदा जाऊन सोडू नका, पहिल्यांदा 'साहेब नाहीत' ऐकाल. आणि मुलीला भेटायला जाल तेव्हा खाऊ-कपडे घेऊन जाऊ नका, नुसते जाऊन बसा.

रंगावली ताई, तुमच्या वहिनींना एक विचारा. मुलगी परत गेल्यावर ते तिला फोन करणार आहेत का, आणि तिचं बालगृह मुलीला तो फोन देतं का? हे दोन्ही 'हो' असेल तर माझा अर्धा विरोध संपला. रावेरच्या दादांसाठी म्हणते, तुमच्यासाठी नाही.

रंगावली (नवापूर)

वहिनीशी बोलले. ते दर रविवारी फोन करणार आहेत, पुढच्या उन्हाळ्याचा अर्जही भरलाय. त्यांच्या चर्चमधलं एक कुटुंब तिच्या लहान भावासह दोघांना घेण्याची चौकशी करतंय, कारण कोलंबियात भावंडं सहसा वेगळी करत नाहीत. हे मुलीला सांगितलेलं नाही. बालगृह फोन देतं की नाही ते वहिनीला ठाऊक नाही, संस्थेला विचारून सांगते. तुमचा 'दिखाऊपणा' शब्द अजून तिथेच आहे, तो काढा.

पांझराकाठ (धुळे)

फोनचं कळवा, मग काढते.