ट्रेडमिलवर चढ लावून चालणं धावण्याला पर्याय ठरतं का?

धागा
माझं मत: दमश्वास वाढवणं आणि वजन आटोक्यात ठेवणं एवढाच हेतू असेल, तर धावलंच पाहिजे असं नाही. '12-3-30' घ्या. 12 टक्के चढ, ताशी 3 मैल म्हणजे 4.8 किमी वेग, 30 मिनिटं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या सूत्रात हे आकडे घातले की ऑक्सिजनची गरज दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे 29 मिली येते, म्हणजे 8 मेटच्या थोडी वर (1 मेट म्हणजे निवांत बसल्यावर लागणारी गरज). त्याच सूत्राने सपाटीवर एवढी गरज ताशी 7.6 किमीने धावताना लागते. हृदयाला दोन्ही सारखंच. गुडघ्यांना नाही: धावताना दर पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून येतो, चालताना एक ते सव्वा पट.

प्रतिसाद 1
हिशोब बरोबर, पण हात मोकळे असतील तरच. कुठल्याही जिममध्ये बघा, 12 वर चढ लावलेली माणसं पुढची दांडी घट्ट धरून मागे रेललेली असतात. अंग पट्ट्याशी काटकोनात गेलं आणि वजन हातांवर आलं, की चढाचं बरंचसं काम गेलं. स्क्रीनला हे कळत नाही, ती कॅलरी पूर्ण मोजते. धावताना दांडीला असं लटकता येत नाही, म्हणून मी धावण्याच्या बाजूने.

धागाकर्ता
दांडी धरावी लागते याचा अर्थ चढ झेपत नाहीये. मग चढ कमी करा, दांडी सोडा. सुरुवात 5 टक्के, ताशी 4.5 किमी, 20 मिनिटं. आठवड्याला 1 टक्क्यापेक्षा जास्त वाढवू नका. झुकायचं ते घोट्यातून, किंचित. कमरेत वाकलात तर पाठ धरते. पावलं आखूड ठेवा. तुटक वाक्यं बोलता येत असतील तर जोर योग्य आहे.

प्रतिसाद 2
'गुडघे वाचतात' ही अर्धीच गोष्ट झाली. 12 टक्के म्हणजे जवळपास 7 अंश. दर पावलाला घोटा तेवढा जास्त वाकतो, पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते, आणि अर्ध्या तासात तीन हजारांवर पावलं पडतात. खऱ्या टेकडीवर मध्ये सपाटी येते, उतार येतो. इथे तोच कोन, तोच स्नायू, अखंड. सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाच दुखली की समजा, प्रमाण चुकलं. त्यापेक्षा 5 मिनिटं चढ, 2 मिनिटं सपाट असं आलटून पालटून करा.

प्रतिसाद 3
प्रतिसाद 2 शी सहमत, आणि पुढचं म्हणजे ज्याला 10 किमी धावायचे आहेत त्याला चढावर चालून ते येणार नाहीत. धावताना शीर स्प्रिंगसारखी ताणून सुटते, मांडीचा पुढचा स्नायू दर पावलाला ब्रेक लावतो. चढावर चालताना हे दोन्ही फारच कमी. हाडांनाही आपटण्याचा तो भार लागतो, तुम्ही तोच तोटा म्हणून मांडलात. गुडघे धड असतील त्याने आठवड्यातून दोन दिवस तरी धावावं, 20 मिनिटं का होईना.

धागाकर्ता
शर्यतीचं मान्य, हाडांचंही मान्य. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम सांगते, आणि 6 मेटच्या वरचं सगळं जोरकस. तीन दिवस अर्धा अर्धा तास चढ चाललात तर 90 मिनिटं होतात. वजन जास्त असलेल्या किंवा गुडघ्याची तक्रार असलेल्या माणसाला हे महिनोन् महिने निभतं. माझा मुद्दा त्याच्यासाठी आहे.

प्रतिसाद 4
वाद घालण्याआधी तुमचं मशीन खरंच 12 टक्के देतं का ते तपासा. घरगुती मशीनवर '12' हा बऱ्याचदा नुसता टप्पा असतो, टक्के नव्हे. चढ लावून पट्टा थांबवा. बाजूच्या पायपट्टीवर 100 सेंमी अंतराच्या दोन खुणा करा, दोन्हींची जमिनीपासून उंची टेपने मोजा. फरक जितके सेंमी, चढ तितके टक्के. हेच 0 वर करून तो फरक वजा करा, जमीन तिरकी असू शकते. वेगासाठी पट्ट्यावर खडूची रेघ मारा आणि कोणीतरी चालत असताना मिनिटाचे फेरे मोजा: पट्ट्याची पूर्ण लांबी 3 मीटर असेल तर ताशी 4.8 किमीला 26 ते 27 फेरे यायला हवेत. चढ 8 टक्केच निघाला, तर 29 मिलीच्या जागी 23 येतात आणि ती 7.6 किमीची तुलना 6 किमीच्या खाली घसरते.