शब्दचर्चा : ‘पायोनिअर फार्म’ आणि तिथली ‘इम्प्रोव्हाइज्ड’ घरं, मराठीत काय म्हणावं?

उंबरठा :
अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या मातीच्या घरांवर मराठीत लेख लिहिते आहे. दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे. ‘पायोनिअर’ला कोशात ‘आद्यप्रवर्तक’, ‘अग्रदूत’ मिळतं; शेतकऱ्याला ते लावलं की सत्काराचं भाषण वाटतं. ‘इम्प्रोव्हाइज्ड’ला मी ‘तात्पुरती’ लिहिलं होतं. पण कॉमस्टॉक गावाजवळचं डाऊस कुटुंबाचं घर १९०० साली बांधलं गेलं आणि अर्ध्या शतकाहून जास्त काळ राहतं होतं. त्याला तात्पुरतं कसं म्हणू?

बोरू :
‘आद्य वसाहतकारांची शेती’ आणि ‘कच्ची बांधकामे’. ‘जुगाड’ही आता मराठीत रुळलाय, चालून जाईल.

काळी-पांढरी :
बोरू, ‘वसाहतकार’ ठीक आहे, पण ‘आद्य’ नको. ते खरं नाही म्हणून नको. नेब्रास्कात प्लॅट आणि लूप नद्यांच्या काठी पॉनी या मूळ रहिवासी जमातीचे लोक कितीतरी आधीपासून मका, घेवडा, भोपळा पिकवत होते आणि मातीनं झाकलेल्या मोठ्या गोल घरांत राहत होते. होमस्टेड कायदा आला १८६२ मध्ये. १६० एकर सरकारी जमीन घ्यायची, तिच्यावर घर बांधायचं, ती कसायची, पाच वर्षं राहिलात की मालकी तुमची. कायदा अमलात आला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, डॅनियल फ्रीमन यानं बिअ‍ॅट्रिसजवळ दावा लावला. तिथं आज राष्ट्रीय उद्यान आहे. ती जमीन ‘सरकारी’ झाली त्याआधी ओटो-मिझुरिया लोकांची होती. ‘आद्य’ लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे रिकामं माळरान उभं राहतं, आणि ते आपण लिहिणाऱ्यांनी उभं केलेलं असतं.

आपल्याकडे पडीक जमीन वहितीला आणणाऱ्याला इस्ताव्याचा कौल, म्हणजे सवलतीच्या साऱ्याची लेखी हमी, मिळे. सुरुवातीला सारा हलका, मग वर्षागणिक चढता. त्या व्यवहाराची भाषा पाहा : गाव वसवणे, जमीन लागवडीस आणणे. काय केलं तेवढं सांगायचं, मोठेपणाची विशेषणं लावायची नाहीत. मी ‘होमस्टेडर’ तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथं ‘सरकारकडून जमीन घेऊन ती वहितीला आणणारे’ असं लिहीन.

‘जुगाड’ला मात्र माझा कडकडीत विरोध. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. ही घरं कशी बांधली ते बघा. माळावर झाडं जवळपास नाहीत, बाहेरून येणारं लाकूड परवडत नाही. मग गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली जमीनच कापली. त्यासाठीच्या खास नांगरानं साधारण फूटभर रुंद, चार इंच जाड पट्टे काढायचे आणि फावड्यानं त्यांच्या दोन-तीन फुटी लाद्या पाडायच्या. रचताना गवताची बाजू खाली, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, मधूनमधून आडव्या लाद्यांचा थर देऊन भिंत बांधून घ्यायची. भिंत दोन-तीन फूट जाड, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, माळावरच्या वणव्याला दाद न देणारी. दुबळं असायचं ते छप्पर. आतून मांजरपाट ताणून बांधत, नाहीतर वरची माती थेट ताटात. हरळी खणून काढताना ज्याचे हात सोलवटलेत त्याला त्या लाद्यांची ताकद वेगळी सांगायला नको. हे सरळसरळ गवंडीकाम आहे.

धाब्याची :
आमच्या सोलापूरकडे माळवदाला कुणी ‘कच्चं’ म्हटलं तर जुनी माणसं दुखावतात. पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकून चोपून घेतली की छप्पर पुढच्या सालाला तयार. कोकणातली शाकारणीही तशीच. ज्याची डागडुजी दरवर्षी करायची ते घर कच्चं, हे सिमेंट आल्यावरचं मत आहे. मला ‘हाताशी होतं त्यातून उभारलेली घरं’ बरं वाटतं. लांबतं, पण खोटं नाही.

बोरू :
पटलं, ‘जुगाड’ मागे घेतो. पण ‘झोपडी’ का नको? छोटा, ओळखीचा शब्द आहे.

काळी-पांढरी :
कारण त्या शब्दातली लाज त्या माणसांनीही भोगली आहे. सॉलोमन बुचर या छायाचित्रकारानं १८८६ पासून कस्टर काउंटीत ही कुटुंबं घरांसमोर उभी करून टिपली. बहुतेक चित्रांत मागे मातीचं घर दिसतं. हिल्टन कुटुंबाच्या चित्रात ते नाही. त्या बाईंनी पायपेटी अंगणात आणायला लावली आणि सगळे तिच्याभोवती उभे राहिले. आपण मातीच्या घरात राहतो हे पूर्वेकडच्या नातलगांना, मैत्रिणींना कळू नये म्हणून. आज तीच घरं वारसा म्हणून जपली जातात, आणि आपण वर पुन्हा ‘झोपडी’ लिहायचं? मला ते फार टोचतं.

उंबरठा :
हे लेखात घेते. आणखी एक अडचण. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत वास्तू घ्यायची तर तिची ‘इंटिग्रिटी’ पाहतात. कोश म्हणतो ‘सचोटी’. घराची सचोटी?

काळी-पांढरी :
‘मूळपण शाबूत असणे’ लिहा. ते सात अंगांनी तपासतात : जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, त्या काळाची जाणीव आणि माणसांशी वा घटनांशी असलेलं नातं. मातीच्या घराची खरी पंचाईत ‘साहित्य’ या अंगाशी होते. लादी झिजते, बदलावी लागते, आणि न फोडलेला गवताळ माळच आता विरळा. जागेचीही तीच गत. फ्रीमनच्या उद्यानात १८६७ ची ओंडक्यांची खोली आहे, ती दुसऱ्या शेतावरून हलवून आणलेली. माझ्या मते अशा घरांत ‘कारागिरी’ला सर्वांत जास्त वजन द्यायला हवं, लादी नवी असली तरी ती कापण्या-रचण्याची रीत जुनी राहू शकते.

आणि दुरुस्तीला ‘जीर्णोद्धार’ लिहू नका. देवळाच्या जीर्णोद्धारात जुनं उतरवून नवं बांधलं तरी आपल्याला चालतं, इथं तेच टाळायचं असतं. ‘डागडुजी’ नेमका आहे.

धाब्याची :
‘वारसामूल्य’ की ‘वारशाचं मोल’?

उंबरठा :
नोंदवहीविषयीच्या परिच्छेदात ‘वारसामूल्य’ ठेवते, तिथं निकषांची भाषा आहे. बाकी लेखात ‘मोल’. शीर्षक सध्या असं केलंय : ‘माळाच्या लाद्यांची घरं : नेब्रास्कातल्या होमस्टेडरांचा वारसा’. पॉनी लोकांच्या मातीच्या घरांवरचा परिच्छेद शेवटी टाकला होता, तो उचलून पहिला घेते.