मदत हवी आहे: पाठीमागे सही करून दिलेला चेक बाउन्स, नोटीस कोणाला?

माझं प्लायवूडचं दुकान आहे. एका सुताराने उधारीपोटी ४८,००० चा चेक दिला, पण तो त्याचा नव्हे, त्याच्या गिऱ्हाइकाचा. सुताराने मागे सही करून माझ्या नावे केला. (अकाउंट पेयी, म्हणजे फक्त नाव लिहिलेल्याच्याच खात्यात जमा होणारा, नव्हता, म्हणून घेतला. चूकच झाली म्हणा.) परवा 'अपुरी शिल्लक' शेऱ्यासह परत आला.

चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ ची नोटीस बँकेचा चेक-परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत, मग पैशांसाठी १५ दिवस, एवढं ठाऊक आहे. पण फौजदारी तक्रार फक्त चेक काढणाऱ्यावरच होते ना? त्या माणसाला मी ओळखतही नाही. त्याच कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे मागे सही करणाराही जबाबदार, असं वाचलं. मग सुताराला वेगळी नोटीस देऊन दिवाणी दावा लावावा का? कोणी केलंय असं? वकीलमंडळी, जरा सांगा.